चेहऱ्याचा लकवा, कपाळावरची आठी आणि कर्पर चेतांचे रस्ते

कर्पर चेतांच्या, म्हणजे मेंदूपासून निघून कवटीच्या छिद्रांतून बाहेर पडणाऱ्या नसांच्या, बाराही जोड्यांची नावे आणि क्रमांक पाठ असूनही तोंडी परीक्षेत आपण अडलो, असे तुम्ही लिहिले आहे. परीक्षकांनी दोन रुग्ण सांगितले: दोघांच्याही चेहऱ्याची उजवी बाजू सैल पडलेली, पण पहिल्याने भुवया वर उचलल्या की कपाळावर दोन्हीकडे आठ्या पडतात, तर दुसऱ्याच्या कपाळावर फक्त डाव्या बाजूला. बिघाड कोणाचा कुठे आहे, हा त्यांचा प्रश्न. त्याच्या जोडीला, एका जिभेसाठी इतक्या चेता कशाला लागतात आणि हे सगळे मार्ग लक्षात ठेवण्याची काही रीत आहे का, असेही तुम्ही विचारले आहे. मी बरीच वर्षे विद्यार्थ्यांना मज्जासंस्थेची तपासणी शिकवत आलो आहे, आणि माझ्या मते या तिन्ही प्रश्नांत अडचण एकच आहे. तुम्ही चेतेचे काम पाठ केले आहे, पण ती कुठून निघते, वाटेत तिच्या शेजारी कोण असते आणि कवटीतून ती कोणत्या छिद्राने बाहेर पडते, हे पाहिलेले नाही. रुग्णाच्या लक्षणांवरून बिघाडाची जागा सांगायची असेल, तर कामाइतकाच हा शेजारही उपयोगी पडतो.

क्रमांकांपासूनच सुरुवात करू, कारण तेही निरर्थक नाहीत. १२ जोड्यांची आजची मांडणी सॅम्युएल थॉमस फॉन सोमरिंग या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने १७७८ साली केली. त्याच्या शतकभर आधीच्या थॉमस विलिसच्या मोजणीत आजची सातवी आणि आठवी मिळून एकच जोडी धरलेली होती. मेंदू उलटा करून त्याच्या तळाकडे पाहिले, तर चेता पुढून मागे साधारण याच क्रमाने दिसतात. त्यामुळे पहिल्या चार पॉन्सच्या (मेंदूच्या देठाच्या, म्हणजे ब्रेनस्टेमच्या, मधल्या भागाच्या) वर, पुढच्या चार पॉन्सच्या पातळीवर आणि शेवटच्या चार मेड्युलाच्या (देठाच्या सर्वांत खालच्या भागाच्या) पातळीवर, एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मा नकाशा हाती येतो. अपवाद अर्थातच आहेत. अकराव्या चेतेचे मानेच्या स्नायूंकडे जाणारे तंतू मेंदूतून नव्हे, तर मानेतल्या मेरुरज्जूतून निघतात, कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून वर चढतात आणि दुसऱ्या छिद्रातून पुन्हा खाली उतरतात. पहिली आणि दुसरी या तर खऱ्या अर्थाने चेता नव्हेतच, त्या मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मेरुरज्जूचा आजार असूनही दृष्टीच्या चेतेला गाठतो, तो याच कारणाने.

आता तुमचे दोन रुग्ण. सातव्या म्हणजे फेशियल चेतेचे केंद्रक, म्हणजे तिचे तंतू जिथून निघतात तो पेशींचा पुंजका, पॉन्समध्ये असते. त्याचा जो भाग कपाळाचे स्नायू हलवतो, त्याला मेंदूच्या दोन्ही गोलार्धांकडून आज्ञा मिळतात. गाल आणि ओठ हलवणाऱ्या भागाला मात्र मुख्यत्वे विरुद्ध बाजूच्या गोलार्धावरच विसंबावे लागते. डाव्या गोलार्धात पक्षाघात झाला, तर उजव्या ओठाचा कोपरा खाली येतो, पण उजवे कपाळ उजव्या गोलार्धाच्या आज्ञेवर चालू राहते. हा तुमचा पहिला रुग्ण. दुसऱ्याची उजवी फेशियल चेताच निकामी झाली आहे, म्हणजे दोन्ही गोलार्धांच्या आज्ञा ज्या शेवटच्या वाटेने स्नायूंपर्यंत जायच्या, ती वाटच बंद आहे. म्हणून कपाळासह अर्धा चेहरा थांबला आहे. पहिल्या प्रकारच्या रुग्णात आणखी एक गोष्ट कधीकधी दिसते. "दात दाखवा" म्हटले तर त्याचा उजवा कोपरा हलत नाही, पण कोणी विनोद केला आणि त्याला मनापासून हसू आले, की तोच कोपरा वर जातो. हुकमाने केलेले हसू आणि आपसूक आलेले हसू पॉन्सपर्यंत वेगवेगळ्या वाटांनी पोचतात.

याच चेतेचा पुढचा रस्ता नीट पाहा, कारण तो समजला की बाकीच्या चेता वाचण्याची सवय लागते. केंद्रकातून निघालेले तंतू सरळ बाहेर न पडता आधी मागे जातात, सहाव्या चेतेच्या केंद्रकाला वळसा घालतात आणि मगच पुढे येतात. पॉन्स आणि मेड्युला यांच्या सांध्याशी, लहान मेंदूच्या कोपऱ्यात, ही चेता आठव्या चेतेच्या शेजारी बाहेर पडते आणि दोघी मिळून कानाकडच्या हाडात शिरतात. आठवी आतल्या कानापाशी थांबते. सातवी मात्र हाडातल्या साधारण ३ सेंटिमीटर लांबीच्या वळणावळणाच्या बोगद्यातून पुढे जाते. या बोगद्याचा सुरुवातीचा भाग सर्वांत अरुंद आहे, एक मिलिमीटरहूनही कमी रुंदीचा, त्यामुळे चेतेला सूज आली तर ती तिथेच आवळली जाते. वाटेत ती आधी अश्रुग्रंथीकडे जाणारी शाखा सोडते, मग मध्यकर्णातल्या स्टेपिडियस या इवल्याशा स्नायूची, मग जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव आणणारी आणि जबड्याखालच्या व जिभेखालच्या लाळग्रंथींना आज्ञा नेणारी कॉर्डा टिंपनी. त्यानंतर कानाच्या पाळीमागच्या हाडाच्या उंचवट्याच्या किंचित पुढे आणि आत असलेल्या छिद्रातून ती कवटीबाहेर येते. डोळा कोरडा पडला आहे का, साधे आवाजही कानाला टोचतात का, चव बदलली आहे का, हे प्रश्न या शाखांच्या क्रमातून आले आहेत. एके काळी त्यांच्या उत्तरांवरून बोगद्यातली नेमकी जागा सांगण्याचा अट्टहास असे. सूज एका रेषेत थांबत नसल्याने त्यावर फार विसंबू नये, पण मार्ग समजून घ्यायला हे प्रश्न उत्तम आहेत.

येथे दोन चुका हमखास होतात. ही चेता गालातल्या पॅरोटिड ग्रंथीतून जाते, तिथेच तिच्या पाच मुख्य शाखा होतात, पण त्या ग्रंथीला लाळ सोडण्याची आज्ञा ती देत नाही. ती आज्ञा नवव्या चेतेकडून येते. दुसरी चूक डोळ्याची. डोळा मिटण्याचे काम सातवीचे, उघडण्याचे मुख्यतः तिसरीचे. त्यामुळे फेशियल चेतेच्या लकव्यात डोळा उघडा राहतो, आणि तिसऱ्या चेतेच्या लकव्यात पापणी पडून तो झाकला जातो. बेल्स पाल्सीचा, म्हणजे फेशियल चेतेच्या अचानक आलेल्या लकव्याचा, रुग्ण डोळा मिटू पाहतो तेव्हा पापण्यांच्या फटीतून बुबुळ वर सरकताना दिसते. तसे ते बहुतेकांचे सरकते, एरवी ते पापणीमागे लपलेले असते इतकेच. त्या उघड्या डोळ्याचा कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) कोरडा पडून जखमी होऊ नये, ही काळजी औषधाइतकीच महत्त्वाची आहे.

डोळा हलवणाऱ्या तीन चेता, म्हणजे तिसरी, चौथी आणि सहावी, एकाच फटीतून खोबणीत शिरतात आणि त्यांच्याबरोबर चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या पाचवीची पहिली, कपाळाकडची शाखाही असते. त्याआधी त्या सगळ्या कॅव्हर्नस सायनस या शिरेच्या पोकळीपाशी एकत्र येतात: तिसरी, चौथी आणि पाचवीच्या वरच्या दोन शाखा तिच्या भिंतीत, तर सहावी थेट आत, कॅरोटिड धमनीला लागून. डोळ्याच्या एकाहून अधिक हालचाली थांबल्या आणि कपाळ बधिर झाले, तर मेंदूत शोधत बसण्याआधी ही जागा आठवावी. तिसऱ्या चेतेत बाहुली आकसणारे तंतू वरच्या थरात असतात. बाहेरून दाब आला, उदाहरणार्थ शेजारच्या धमनीवरच्या फुग्याचा, तर बाहुली लवकर विस्फारते. मधुमेहात चेतेच्या गाभ्याचा रक्तपुरवठा बिघडतो तेव्हा पापणी पडते, डोळा फिरत नाही, पण बाहुली बहुतेक वेळा शाबूत राहते. पापणी पडलेल्या रुग्णाची बाहुली मोठी असेल, तर तो रुग्ण तातडीचा समजावा. चौथी सर्वांत बारीक आणि ब्रेनस्टेमच्या मागच्या बाजूने निघणारी एकटीच. विच्छेदनात मेंदू बाहेर काढताना ती इतक्या सहज तुटते, की बहुतेक विद्यार्थ्यांनी ती चित्रातच पाहिलेली असते. तिच्या लकव्यात जिना उतरताना पायऱ्या दोन दिसतात आणि रुग्ण नकळत मान विरुद्ध खांद्याकडे कलती ठेवतो. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी मात्र फसवी आहे. ती हाडाच्या उतारावर वर चढते आणि टोकावर तीव्र वळण घेते, त्यामुळे कवटीतला दाब कोणत्याही कारणाने वाढला तरी ताणली जाते. तिच्या लकव्यावरून गाठ तिच्या वाटेवरच आहे, असा निष्कर्ष काढू नये.

जिभेचा प्रश्न गर्भात सुटतो. गर्भाच्या घशाच्या प्रदेशात कमानी तयार होतात आणि प्रत्येक कमानीला आपली चेता ठरलेली असते: पहिलीला पाचवी, दुसरीला सातवी, तिसरीला नववी, चौथी आणि सहावीला दहावी. जिभेचा पुढचा भाग पहिल्या कमानीतून बनतो, म्हणून त्याचा स्पर्श पाचवीकडे. त्याची चव मात्र शेजारच्या कमानीची सातवी आणते. मागचा एक तृतीयांश भाग तिसऱ्या कमानीचा, त्याचा स्पर्श आणि चव दोन्ही नववीकडे, आणि अगदी मुळाशी थोडा भाग दहावीकडे. जिभेचे स्नायू या कमानींतले नव्हेतच. ते डोक्याच्या मागच्या भागातून सरकत येतात आणि येताना आपली बारावी चेता बरोबर आणतात. एवढी एक गोष्ट समजली की जिभेचा तक्ता पाठ करावा लागत नाही. दहावीच्या डाव्या स्वरयंत्र-शाखेचा विचित्र फेराही याच काळातला आहे. ती छातीत उतरून महाधमनीच्या कमानीखालून वळते आणि पुन्हा गळ्यात चढते, म्हणून छातीतल्या गाठीने आवाज बसू शकतो. उजवी शाखा खांद्याकडच्या धमनीखालूनच परत फिरते.

तपासताना बाजू ठरवण्यात गोंधळ होतो, त्याचे उत्तर स्नायूंच्या ओढीत आहे. जीभ बाहेर काढताना प्रत्येक बाजूचा स्नायू तिला पुढे आणि पलीकडे ढकलतो, म्हणून बारावी गेलेल्या बाजूकडेच जीभ वळते. जबडाही तसाच, पाचवी गेलेल्या बाजूकडे. पडजीभ मात्र वर ओढली जाते, ढकलली जात नाही; ती चांगल्या बाजूकडे सरकते. वास तपासताना अमोनियासारखा झोंबणारा पदार्थ वापरू नका, कारण त्याची झोंब पाचवी ओळखते आणि पहिली गेलेला रुग्णही नाक मागे घेतो.

आणि परीक्षकांचा पुढचा प्रश्न बहुधा हा असेल: कपाळही थांबले आहे, म्हणजे पक्षाघात नाहीच का? तसे नाही. पॉन्समध्येच रक्तपुरवठा तुटला, तर केंद्रक किंवा तिथून निघालेले तंतू बाद होतात आणि चेहरा हुबेहूब बेल्स पाल्सीसारखा, कपाळासह, सैल पडतो. म्हणून अचानक चेहरा वाकडा झालेल्या माणसाला केवळ कपाळ पाहून घरी थांबवू नये. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तपासताना मात्र सातवीचा वळसा आठवा. रुग्णाला उजवीकडे पाहायला सांगा. उजवा डोळा मध्यरेषेपलीकडे जात नसेल आणि डाव्या हातापायातली ताकद कमी असेल, तर बिघाड कानाच्या हाडात नसून उजव्या पॉन्समध्ये, सहावीच्या शेजारी आहे.