ड्रायव्हरचा स्लाइस: आधी फेस, मग पाथ

गोल्फबद्दल तुमचा प्रश्न असा: ७ आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) बऱ्यापैकी सरळ जातं, पण ड्रायव्हरचा (सर्वांत लांब मारायच्या क्लबचा) बॉल डावीकडे निघून मोठं वळण घेत उजव्या रफमध्ये, म्हणजे कडेच्या उंच गवतात जातो (यालाच स्लाइस म्हणतात), तर स्विंगमध्ये काय बदलावं? तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरून लिहितो. डावखुऱ्यांनी बाजू उलट करून वाचावं.

बॉल कुठे निघतो हे मुख्यतः इम्पॅक्टच्या क्षणी फेस, म्हणजे क्लबचा बॉलला लागणारा पृष्ठभाग, कुठे रोखलेला आहे त्यावर ठरतं. ड्रायव्हरच्या बाबतीत जवळपास ८५ टक्के. वळण येतं ते फेस आणि पाथ (त्या क्षणी क्लब ज्या दिशेने जातोय ती) यांच्यातल्या फरकामुळे. तुमचा बॉल डावीकडे निघतो, म्हणजे फेस लक्ष्याच्या डावीकडेच आहे, आणि पाथ त्याच्याही डावीकडे. समजा फेस २ अंश डावीकडे आणि पाथ ७ अंश डावीकडे, तर पाथच्या मानाने फेस ५ अंश उघडा राहिला. आयर्नला लॉफ्ट (फेसचा मागे झुकलेला कोन) जास्त असल्यामुळे तेवढ्याच फरकात बॉल कमी वळतो, म्हणून तिथे हा दोष झाकला जातो.

स्विंगला हात लावण्याआधी एक तपासणी करा. बॉलवर व्हाइटबोर्ड मार्करचा ठिपका काढा, तो फेसच्या बाजूला ठेवून ५-६ शॉट मारा. फेसवरची खूण हीलकडे (दांड्याजवळच्या टोकाकडे) उमटत असेल तर गिअर इफेक्टमुळे, म्हणजे मध्य सोडून लागल्याने बॉलला मिळणाऱ्या जादा फिरकीमुळे, स्लाइस आणखी वाढतोय. आधी बॉलपासून थोडं लांब उभं राहून पाहा.

खरं काम ग्रिपमध्ये आहे, आणि तिथेच सगळे घाई करतात. क्लब जमिनीवर टेकवून फेस सरळ लक्ष्याकडे ठेवा आणि मगच डावा हात लावा. हँडल करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेराकडे तिरकं, बोटांमध्ये बसलं पाहिजे, तळव्यात नाही. वरून पाहिल्यावर डाव्या हाताच्या दोन ते तीन बोटांच्या मुळाशी असलेली हाडं दिसावीत, आणि अंगठा-तर्जनीमधला 'व्ही' उजव्या खांद्याकडे रोखलेला असावा. नेहमी होणारी चूक म्हणजे हाताबरोबर क्लबही फिरवणं. मग फेस नुसता उघडा दिसतो, ग्रिप होती तशीच राहते. टॉपला, म्हणजे क्लब मागे पूर्ण वर गेल्यावर, डावं मनगट मागे मुडपलेलं असेल तर फेस उघडतो. ते साधारण सपाट ठेवा.

आता जे होईल त्याने घाबरू नका. बॉल डावीकडे निघेल आणि वळण न घेता डावीकडेच जाईल. म्हणजे फेस पाथशी जुळला, पाथ अजून डावीकडेच आहे. बहुतेक जण इथे 'बिघडलं' म्हणून जुन्या ग्रिपवर परततात. माझ्या मते हा पुल (डावीकडे सरळ जाणारा शॉट) तुमच्या सुधारणेचा सर्वांत चांगला पुरावा आहे. बॉल उजवीकडे पळायचा म्हणून शरीर डावीकडे ओढत होतं; आता तो डावीकडे जातोय, तर पाथ उजवीकडे न्यायला कारण मिळतं.

पाथसाठी आधी स्टान्स पाहा. स्लाइसला जागा द्यायची म्हणून डावीकडे नेम धरत असाल तर खांदे उघडतात आणि पाथ आणखी डावीकडे जातो. एक अलाइनमेंट स्टिक (दिशा पाहायची सरळ काठी) पायांच्या रेषेत ठेवा आणि खांदेही तिला समांतर ठेवा. बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला असावा, त्याहून पुढे नाही. पुढे गेला की क्लब वर्तुळात डावीकडे वळू लागल्यावर बॉलला भेटतो. टी (बॉल ठेवायची खुंटी) इतकी उंच की अर्धा बॉल ड्रायव्हरच्या वर दिसेल.

मग हेडकव्हर (क्लबच्या डोक्याचं कापडी आवरण) बॉलच्या १०-१५ सेंटिमीटर मागे आणि टोच्या (क्लबच्या बाहेरच्या टोकाच्या) थोडं बाहेर ठेवा. बाहेरून आत येणारा क्लब त्यावर आपटेल. अर्ध्या वेगाने, कमरेपासून कमरेपर्यंतच्या स्विंगने सुरुवात करा. हेडकव्हर चुकायला लागलं की लांबी वाढवा, वेग शेवटी. डाउनस्विंगची सुरुवात खांद्याने केली की पाथ पुन्हा बाहेरून आत येतो, म्हणून पाठ लक्ष्याकडे असतानाच वजन डाव्या पायावर येऊ द्या.

पाथ सुधारून फेस मागे राहिला तर बॉल उजवीकडे निघून आणखी उजवीकडे वळेल. तेव्हा ग्रिप पुन्हा तपासा. लाँच मॉनिटर (शॉटची मोजमापं दाखवणारं यंत्र) मिळाला तर 'फेस टू पाथ' हा एकच आकडा पाहा, तो शून्याच्या २ अंश आसपास आला की फेअरवे (मधला कापलेला गवताचा पट्टा) सापडू लागतात. आणि ड्रायव्हरची स्लीव्ह (दांडा डोक्याला जोडणारा फिरवता येणारा भाग) फिरवून लॉफ्ट वाढवणं, वजन हीलकडे सरकवणं हे नवी ग्रिप हातात बसल्यावरच करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही.