बाग विकू का? आधी पॉलिसीचं पहिलं पान वाचा

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचं पत्र आहे. नाव छापू नका म्हणालेत, म्हणून त्यांना दादा म्हणतो. वय 48, चार एकर बाग, माल बहुतेक बेदाण्याला. चांगल्या साली हातात 12 लाख राहतात, अवकाळीच्या साली चार. मुलगी यंदा बारावी झाली. लंडनच्या एका विद्यापीठात 'मॅथेमॅटिक्स विथ मॅथेमॅटिकल फिजिक्स' या तीन वर्षांच्या पदवीला प्रवेशाचं पत्र आलंय. फी 28 हजार पौंड, राहणं-खाणं 12 हजार. दादांचा प्रश्न एवढाच: "तीन एकर विकावी, की कर्ज काढावं? 25 लाख पॉलिसीचे येणारच आहेत. 14 लाख पतसंस्थेत साडेदहा टक्क्यांनी आहेत."

दादा, लंडन थोडं बाजूला ठेवू. तुम्ही "येणारच आहेत" म्हणता, ते 25 लाख येणार नाहीत.

पत्रासोबत तुम्ही पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवलात, हे फार बरं केलंत. मार्च 2015ची पॉलिसी, वर्षाला लाखाचा हप्ता, मुदत 20 वर्षं. म्हणजे पैसे मिळणार मार्च 2035 मध्ये. एजंटने "पोरगी अठराची झाली की 25 लाख" असं तोंडी सांगितलं असेल, पण कागदावर अठरा कुठेच नाही. 2035 ला मुलगी 27 वर्षांची असेल, तोवर तिची पीएच.डी. होत आली असेल. शाखेतून तुम्हाला सांगितलंय की आज पॉलिसी मोडली तर 11 लाख मिळतील. भरलेत 12. 2015च्याच जानेवारीत सुकन्या समृद्धी योजना सुरू झाली होती, मुलगी सात वर्षांची होती. तोच लाख तिथे जात राहिला असता तर आज ढोबळ 20 लाख झाले असते, तेही करमुक्त, आणि शिक्षणासाठी त्यातले निम्मे काढताही आले असते.

त्याच पानावर आणखी वाईट गोष्ट आहे. विमा कोणाच्या जिवाचा? मुलीच्या. दादा, तुमचं घर मुलीच्या कमाईवर चालतं का? छाटणी कोण करतं, औषधं कोण मारतं, व्यापाऱ्याशी भावावरून कोण भांडतं? उद्या तुम्हालाच काही झालं तर या पॉलिसीतून वहिनींच्या हातात एक रुपयाही पडत नाही. फार तर पुढचे हप्ते माफ होतील, तेही तसा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा कलम, घेतला असेल तर. फोटोत तो दिसत नाही. आणि अशा अवस्थेत तुम्ही लंडनसाठी दीड कोटीच्या कर्जावर सही करायला निघालात!

म्हणून पहिलं काम, स्वतःच्या नावावर एक कोटीचा टर्म विमा, साठीपर्यंत. तंबाखू नसेल तर वर्षाला 25-30 हजार धरा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. "यात परत काही मिळत नाही" असं एजंट म्हणेल. त्याला विचारा, बुरशीनाशक मारलं आणि डावणी रोग आलाच नाही तर दुकानदाराकडे पैसे परत मागतो का आपण?

टर्मची पॉलिसी हातात पडली की जुनी मोडा, त्याआधी नको. पुढचे आठ हप्ते भरले तर 2035 ला 30 लाख मिळतील असं एजंटचं म्हणणं. आजचे 11 लाख आणि तेच आठ हप्ते सात टक्क्यांनी बाहेर ठेवले तरी तितकेच होतात. पण एजंटचे 30 बोनसच्या भरवशावर आहेत, आणि आणखी आठ वर्षं हप्ता चुकवायचा नाही ही कटकट वेगळी. शिवाय हे 11 लाख तुम्हाला आत्ता लागणार आहेत. कशाला, ते पुढे सांगतो.

पतसंस्थेबद्दल थोडक्यात. बँकेत माणशी, बँकेमागे पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं कवच आहे, सहकारी बँकेतही. पतसंस्थेला ते नाही. साडेदहा टक्के मिळतात ते याच धोक्याचे. ठेवीची मुदत संपेल तशी रक्कम काढा, दोन-तीन बँकांत वाटून ठेवा. आपल्या जिल्ह्यात ठेवी अडकलेली माणसं तुमच्या ओळखीतही असतील.

आता लंडन. वर्षाला 40 हजार पौंड, पौंडाला 120 रुपये धरले तर 48 लाख. तीन वर्षांचे दीड कोटी. 11 टक्क्यांनी 15 वर्षांचं कर्ज म्हणजे महिन्याला एक लाख 70 हजार हप्ता, आणि शिकत असतानाचं व्याज मी यात धरलेलंच नाही. शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत, म्हणजे राहतं घर जाणार. समजा, तिला तिथे 32 हजार पौंडांची पहिली नोकरी लागली. कर जाऊन महिन्याला 2,200 पौंड हातात, त्यातले 1,400 हप्त्याला. उरलेल्या 800 पौंडांत लंडनमध्ये एक खोली मिळाली तर मिळाली, जेवणाचं बघायला नको. त्यात पदवीनंतर कामासाठी मिळणारा दोन वर्षांचा व्हिसा जानेवारी 2027 पासून दीड वर्षावर येतोय. "बँकिंगमध्ये कोटीत पगार" हे परदेशी प्रवेश करून देणाऱ्या सल्लागाराने सांगितलं ना? त्याला विद्यापीठाकडून कमिशन असतं. ती कामं मोजक्यांना मिळतात, आणि तिथे प्रोबॅबिलिटी आणि प्रोग्रामिंग बघतात, जनरल रिलेटिव्हिटीसारखं सैद्धांतिक भौतिकशास्त्र नाही.

तीन एकर विकण्याचं गणित तर मांडतच नाही. ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही, हे तुमच्या भावाने बरोबर सांगितलं. पण कर लागत नाही म्हणून तीन चतुर्थांश उत्पन्न कोणी विकत नाही.

विषय मात्र सोन्यासारखा आहे, यात वाद नाही. मुख्य गणित, जोडीला क्वांटम मेकॅनिक्स, विद्युतचुंबकत्व, सापेक्षता, तेही प्रयोगशाळेशिवाय, निव्वळ समीकरणांतून. ज्या मुलीला हे हवंसं वाटतं, तिला पुढे संशोधनच करायचं असणार. आणि या वाटेवर खर्चाचा क्रम उलटा असतो: पदवीला बाप पैसे मोजतो, पीएच.डी.ला विद्यापीठ विद्यार्थ्याला पैसे देतं. अमेरिकेत फी माफ आणि वर शिकवण्याच्या कामाचा भत्ता. महाराष्ट्र शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्याही बहुतेक पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठीच आहेत. रँग्लर परांजपे केंब्रिजला गेले ते सरकारी शिष्यवृत्तीवर. कोल्हापूरला जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी बी.एस्सी. बनारसला केली आणि मग 1957 मध्ये केंब्रिज गाठलं.

तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे: "तिने आयसरची परीक्षा दिलीय, पुण्याला नंबर लागेल म्हणते, पण लंडनचं पत्र आल्यापासून पसंतीक्रमाचा फॉर्म तसाच पडलाय." दादा, ही ओळ पहिली लिहायला हवी होती! आयसर म्हणजे केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. तिथे पाच वर्षांची बी.एस.-एम.एस., पहिली वर्षं सगळी विज्ञानं, मग गणित आणि भौतिकशास्त्र दोन्हींकडे झुकता येतं. फी, वसतिगृह, मेस धरून वर्षाला दोन लाख, पाच वर्षांचे दहा. म्हणजे पॉलिसीतून निघणाऱ्या 11 लाखांत भागतं. ती बोर्डात पहिल्या एक टक्क्यात असेल तर इन्स्पायर शिष्यवृत्तीचे वर्षाला 80 हजारांपर्यंत वेगळे. लंडनच्या पदवीचं खरं जवळचं भावंड चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची गणित-भौतिकीची बी.एस्सी., आणि बंगळूरला आयएसआयची (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) बी.मॅथ., जिथे उलट विद्यार्थ्यालाच मासिक भत्ता मिळतो. त्या दोन्हींच्या प्रवेश परीक्षा यंदा होऊन गेल्या, म्हणून आयसर हातचं घालवू नका.

लंडनला लगेच नकार कळवायची घाई नाही, पण अनामत एक पौंडही भरू नका. फॉर्म आज रात्री भरायला लावा, तुम्ही शेजारी बसून. आणि पॉलिसीची उरलेली पानं पाठवा, तो रायडर आहे का ते मला बघायचंय.