गाडीतला कॅसेट प्लेअर टेप गुंतवतो, सीडी अडखळतात. निगा कशी राखायची?

वडिलांच्या जुन्या गाडीतला प्लेअर टेप गुंतवतो आणि तुमच्या गाडीत सीडी मध्येच अडखळतात, असा तुमचा प्रश्न आहे. जुन्या कॅसेटी ऐकायला मी अजून गाडीतलाच प्लेअर वापरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

टेप गुंतली की लोक कॅसेट फेकून देतात. पण आधी रोलर बघा. प्लेअरमध्ये एक बारीक पोलादी दांडी फिरत असते, तिला कॅपस्टन म्हणतात. तिच्यावर काळा रबरी रोलर दाबून बसतो आणि दोघांच्या मधून टेप सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या वेगाने सरकते. टेपवरचा तपकिरी लेप थोडा थोडा झडून रोलरवर बसतो आणि रोलर चिकट होतो. पुढच्या रिळाने टेप ओढून घ्यायला जरा उशीर केला की सैल पडलेला वेढा रोलरला चिकटतो आणि आत गुंडाळला जातो.

साफसफाईसाठी 90 टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं. सॅनिटायझर नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं. पेट्रोल किंवा थिनरने रबर फुगतं. प्लेअर बंद ठेवून टॉर्चच्या उजेडात आत बघा. इअरबडचं टोक ओलं करा, पण ठिबकू देऊ नका. आधी हेड (टेपवरचा आवाज वाचणारा धातूचा भाग) पुसा, मग कॅपस्टन, मग रोलर थोडा थोडा फिरवत चहूबाजूंनी. पहिल्या बडवर काळपट तपकिरी थर दिसेल. बड पांढरा निघेपर्यंत बदलत राहा. ऑटो-रिव्हर्स, म्हणजे कॅसेट न उलटता दुसरी बाजू वाजवणाऱ्या, प्लेअरमध्ये दोन्ही बाजूंना एकेक रोलर असतो, दुसरा हमखास राहून जातो. हात पोचत नसेल तर ओली क्लीनिंग कॅसेट वापरा. कोरडी हेड घासते, ती मला पसंत नाही. नंतर सगळं पूर्ण वाळू द्या.

एवढं करूनही टेप गुंतत असेल आणि फॉरवर्ड-रिवाइंड रेंगाळत असेल, तर आतला बेल्ट, म्हणजे मोटरची गती पुढे पोचवणारा रबरी पट्टा, सैल झाला असेल. तो बदलायला मेकॅनिककडेच जा.

अडकलेली कॅसेट कधीही हिसका देऊन ओढू नका. प्लेअर काढून वरचं झाकण उघडलं की टेप रोलरवरून हाताने उलगडता येते. तुटलीच तर स्प्लायसिंग टेपनेच, म्हणजे टेप जोडायच्या खास चिकटपट्टीनेच, जोडा. साध्या सेलोटेपचा गोंद उन्हात पाझरतो, टेपच्या पुढच्या वेढ्याला लागतो आणि शेवटी हेडवर जाऊन बसतो.

आता सवयी. गाडी बंद करण्याआधी कॅसेट बाहेर काढा. बऱ्याच जुन्या प्लेअरमध्ये चावी काढली तरी रोलर कॅपस्टनवर दाबलेलाच राहतो, त्याला खळगा पडतो आणि मग आवाज लहरायला लागतो. कॅसेट आत घालण्यापूर्वी षटकोनी पेन्सिलीने टेप ताणून घ्या. गाडीत 60 किंवा 90 मिनिटांचीच कॅसेट वापरा; 120 मिनिटांची टेप फार पातळ असते. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडांवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. मुंबई-कोकणात पावसाळ्यानंतर हे नेहमीचंच. अशी कॅसेट साफ केल्याशिवाय लावू नका, नाहीतर बुरशी प्लेअरमधून बाकीच्या कॅसेटींना लागेल.

आणि घरच्या माणसांचे आवाज भरलेल्या कॅसेटी असतील, तर कळकळीने सांगतो, त्या गाडीत नेऊच नका. घरच्या चांगल्या डेकवरून आधी संगणकावर उतरवून घ्या. गाडीत त्यांची नक्कल वाजवा.

सीडीचं त्या मानाने सोपं. सगळे चमकणारी बाजू जपतात, पण खरी नाजूक बाजू लेबलची. खालून 1.2 मिलिमीटर पॉलिकार्बोनेट असतं, वरून मात्र धातूच्या थरावर फक्त लॅकरचा, म्हणजे वॉर्निशसारखा, पातळ लेप. वर ओरखडा गेला तर माहितीच खरवडली जाते. पुसताना मऊ कापड मधल्या भोकापासून कडेकडे सरळ न्या, गोल फिरवू नका. मधून कडेकडे गेलेला चरा प्लेअर बराचसा सावरून घेतो, कारण हरवलेला तुकडा लहान असतो. ट्रॅकच्या दिशेने, म्हणजे गोल गेलेला चरा सलग माहिती खातो.

सन व्हायझरला सीडीचं पाकीट लावायची पद्धत होती, ती साफ चुकीची. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांच्या आसपास तापू शकतो. घरी भरलेल्या सीडीतला रंगद्रव्याचा थर उन्हाने लवकर खराब होतो. सीडी सीटखाली किंवा बंद कप्प्यात ठेवा आणि कागदी लेबल लावलेली सीडी आत घालू नका. गरमीने लेबल सुटलं की ती आतच अडकते.

तुमच्या सगळ्याच सीडी अडखळत असतील तर सीडी वाचणाऱ्या लेन्सवर बहुधा धूळ आहे. ब्रशवाली क्लीनिंग सीडी लावण्याआधी गाडीची पुस्तिका वाचा, काही कंपन्या तिला मनाई करतात. फक्त पावसाळ्यातच अडखळत असतील, तर लेन्सवर दव धरत असेल. सीडी बाहेर काढून तासभर थांबा, मग लावून बघा.