नव्या गिलाव्यामागची जुनी भिंत

प्रश्न : आम्ही दोघं बारा वर्षांपासून फ्रान्समध्ये तुलूझला नोकरी करतो. कोरेझमध्ये कोलोंज-ला-रूजजवळच्या एका गावात लाल वालुकाश्माचं जुनं घर पाहिलं. मालकानं आठ वर्षांपूर्वी ते सगळं दुरुस्त करून घेतलंय. किंमत १,८५,००० युरो. भिंती शुभ्र, स्वयंपाकघर नवं, काही करायला नको. पुढच्या आठवड्यात प्राथमिक करार करू म्हणतात. काय पाहावं?
– एक वाचक, तुलूझ

उत्तर : ‘काही करायला नको’ हे वाचून मी जरा थांबले. मीही असंच एक घर घेतलं होतं, लोत खोऱ्यातल्या एका खेड्यात. उत्तरेकडची भिंत पांढरीशुभ्र होती. पहिल्याच फेब्रुवारीत गुडघ्याएवढ्या उंचीवर ओल दिसली आणि मार्चपर्यंत पोपडे हातात येऊ लागले. आतला गिलावा सिमेंटचा निघाला. दगडमातीची भिंत जमिनीतून ओल घेते आणि चुन्यातून ती हवेत सोडते. सिमेंट ती वाट बुजवतं. मग पाणी वर चढत जातं, तुळईची टोकं कुजतात. आपल्याकडच्या वाड्यांना चुन्याचा गिलावा असतो तो याचसाठी, हे मला आजोळी कुणी शिकवलं नव्हतं. फ्रान्समधल्या गवंड्यानं शिकवलं. सगळं खरवडून पुन्हा चुना लावण्यात माझे दोन उन्हाळे गेले.

म्हणून मालकाला पहिला प्रश्न हाच विचारा: गिलावा आणि दरजा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांचा भराव, कशाच्या? उत्तर तोंडी नको, बिलं दाखवायला सांगा. बिलांबरोबर कंत्राटदाराच्या दहा वर्षांच्या हमीच्या विम्याचा दाखलाही मागा. ही हमी काम ताब्यात घेतल्यापासून मोजतात आणि घर विकलं तरी नव्या मालकाकडे येते, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम दोन वर्षं उरतात. मालकानं मोठं काम स्वतःच्या हातानं केलं असेल, तर त्या दहा वर्षांत कायदा त्यालाच बांधणारा मानतो. पण तेव्हा पाठीशी बहुधा विमा नसतो आणि वसुली अवघड होते.

विक्रेता तपासणी-अहवालांचं बाड देईलच. १९४९ पूर्वीच्या घरात शिशाचा रंग, जुलै १९९७ आधीच्या परवान्याच्या घरात अॅस्बेस्टॉस, पंधरा वर्षांहून जुनं वायरिंग, ऊर्जेची श्रेणी. हे सगळं वाचा, पण भिंतीचा भार आणि छताची लाकडं यांबद्दल त्यात काही नसतं. त्यासाठी जुनी घरं जाणणारा वास्तुविशारद स्वतःच्या पैशानं न्या. मला तेव्हा हा खर्च फार वाटला होता, आणि त्याचीच मला आजही खंत आहे.

गावातलं सांडपाणी गटाराला जोडलेलं नसेल, तर शोषखड्ड्याचा तीन वर्षांच्या आतला अहवाल हवा. तो नियमात बसत नसेल तर विक्रीनंतर वर्षभरात काम तुम्हालाच करावं लागतं. ही गोष्ट किमतीत बोला.

मेरीत, म्हणजे तिथल्या ग्रामकचेरीत, अर्धा दिवस काढा. खिडक्या, कौलं, बाहेरचा रंग बदलताना परवानगी घेतली होती का, हे तिथे कळतं. संरक्षित वास्तूच्या परिसरात, साधारणपणे ५०० मीटरच्या आत, सरकारी वास्तुविशारदाचं मतही लागतं. पुढे तुम्हाला साधी खिडकी बदलायची झाली तरी हाच नियम.

खर्च धरताना नोतेरकडे, म्हणजे खरेदीखत करणाऱ्या सरकारमान्य कायदेतज्ज्ञाकडे, भरायची सात ते आठ टक्के रक्कम विसरू नका, तुमच्या घरासाठी चौदा हजारांच्या आसपास. त्यातला बहुतेक भाग सरकारी कराचा असतो. विक्रेत्याचा नोतेर ठरलेला असला तरी तुम्ही तुमचा वेगळा घ्या. दोघं मानधन वाटून घेतात, तुमचा खर्च वाढत नाही.

प्राथमिक करारानंतर माघार घ्यायला तुम्हाला दहा दिवस मिळतात, कारण न देता, आणि अनामतही परत मिळते. पण दहा दिवसांत गावाकडचा चांगला वास्तुविशारद सहसा मोकळा नसतो. म्हणून पुढच्या आठवड्यातली सही पुढे ढकला. दोन दिवस पाऊस पडून गेला की तुलूझहून निघा, घरी पोहोचताच कपाटं भिंतीपासून पुढे ओढा आणि उत्तरेकडच्या भिंतीला खाली, जमिनीलगत, तळहात लावून पाहा.