वास्तुशांतीला ऑर्किडची कुंडी दिली तर गोव्यात टिकेल का?

मडगावात मैत्रिणीच्या वास्तुशांतीला ‘ते पांढरं, मोठ्या फुलांचं’ ऑर्किड द्यायचंय, असं तुम्ही लिहिलंय. ते फालेनोप्सिस. देऊ नका. फुलं दोन-तीन महिने राहतात हे खरं, पण पुन्हा फुलांचा दांडा फुटायला त्याला काही आठवडे 18-20 अंशांच्या रात्री लागतात, आणि किनाऱ्याकडे तशा रात्री मिळतात किती? डेंड्रोबियम हे दुसरं ऑर्किड द्या. इथला उकाडा त्याला मानवतो, सकाळचं ऊन मिळालं की पुन्हा पुन्हा फुलतं.

मरतं ते मात्र दोन्ही एकाच कारणाने, आणि यावरून वहिनींचा नि माझा जुना वाद आहे. भेटीत आलेल्या रोपाची पानं सुरकुतली की त्या म्हणतात, ‘पाणी कमी पडलं,’ आणि तांब्याभर ओततात. वर चिनी मातीची शोभेची कुंडी, तळाला भोक नाही. आत प्लॅस्टिकचा पेला, त्यात गच्च दाबलेलं शेवाळ. पाणी तळाशी साचतं, शेवाळ आठवडाभर ओलं राहतं, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, म्हणून पानं सुकतात. म्हणजे रोप पाण्यात बसून तहानेने मरतं. पटत नसेल तर उपसून मूळ चिमटीत दाबा: जिवंत असेल तर टणक, मेलेलं असेल तर पोकळ, साल हातात येते.

असं रोप वाचतं. शेवाळ सगळं काढा. पोकळ मुळं ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापा, कापल्या जागी दालचिनीची पूड लावा (फक्त तिथेच, चांगली मुळं तिने सुकतात), एक दिवस सावलीत उघडं ठेवा. मग बाजूंनाही भोकं असलेली चार इंची मातीची कुंडी घ्या. तळाला कौलाचे तुकडे, वर अंगठ्याएवढे कोळसे. नारळाचं सोडण घालायचंच तर दिवसभर भिजवून, थोडंच. पावसात ते ओल धरतं. रोप काठीला घट्ट बांधा. ते हललं तर नव्या मुळांची टोकं मोडतात. मूळ इंचभर वाढेपर्यंत खत नाही. नंतर 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

पाणी सकाळी, मुळं रुपेरी दिसली की. हिरवी असली तर थांबा. कोळशातलं डेंड्रोबियम एप्रिल-मेमध्ये रोज पाणी मागेल. जून ते सप्टेंबर ते वळचणीच्या आत घ्या, कित्येक दिवस थेंबही लागणार नाही. त्या दिवसांत रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचा, त्या मुळांची टोकं खातात. डेंड्रोबियमचे पानं गळलेले जुने, खोडासारखे दांडे कापू नका, त्यांत साठा असतो आणि त्यांवरही फुलं येतात.

विकत घेताना बरीचशी फुलं उमललेली बघा; नुसत्या कळ्यांचं रोप जागा बदलली की कळ्या टाकतं. बंद गाडीत उन्हात ठेवू नका. आणि मैत्रिणीला सांगा, पिकत घातलेल्या मानकुराद आंब्यांशेजारी कुंडी नको, पिकताना निघणाऱ्या वायूने कळ्या गळतात. बाजारात झाडावरून ओरबाडलेली सीतेची वेणी (रानातलं ऑर्किड) मिळाली तरी घेऊ नका.

पाणी ओतण्याऐवजी कुंडीत बर्फाचे तुकडे घालायची पद्धत मी हसण्यावारी नेत असे. मोजकं पाणी मुरतं, म्हणून ती तितकी वाईट नाही, फक्त कुंडीला भोक हवं. फालेनोप्सिसही सरसकट बाद नाही: गोव्यात आत, डोंगरांकडे असलेल्या वाळपईकडे हिवाळ्यातल्या रात्री किनाऱ्यापेक्षा गार असतात, किंवा रात्री एसी चालतो त्या खोलीत खिडकीपाशी ठेवलं तर दांडा येऊ शकतो. पण वहिनी, तिथेही तांब्या नको.