अद्भुत वाटणारी अमूर्त चित्रं काढणारे चित्रकार आधी सगळं ठरवून बसतात, की रंग टाकता टाकता काहीतरी होतं?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात एक मोठं निळं चित्र पाहिलं, त्यात किल्ला आहे की पक्षी हे शेवटपर्यंत ठरेना, खाली चिठ्ठीवर 'शीर्षक नाही', आणि टेबलामागे बसलेल्या चित्रकाराला विचारायचा धीर झाला नाही. ते चित्र माझं नव्हतं. पण मी साधारण त्याच जातीची चित्रं काढते, सतरा-अठरा वर्षं झाली, म्हणून माझ्यापुरतं सांगते. दुसरा कुणी नेमकं उलटं सांगेल आणि तोही खरंच बोलत असेल.

माझ्या डोक्यात आधी चित्र नसतं. एकदाच होतं. स्वप्नात एक अख्खा महाल दिसला, पायऱ्या, पाणी, वर उडणारे मासे, सगळं. सकाळी उठून जसाच्या तसा काढला. किराणा दुकानदार दिवाळीला कॅलेंडर देतो ना, त्यावर शोभला असता. तेव्हापासून डोक्यात दिसलेलं मी डोक्यातच ठेवते.

माझी खरी सुरुवात भिंतीपासून झाली. लहानपण शनिवार पेठेतल्या एका वाड्यात गेलं. मागच्या खोलीच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल यायची, चुन्याचे पोपडे सुटायचे. ताप आला की मला त्याच खोलीत निजवायचे, कारण ती शांत. पडल्या पडल्या त्या ओलीत मला दोन तोंडांचा घोडा दिसायचा. पुढच्या वर्षी ओल वर सरकली, घोड्याची मागची बाजू गेली आणि त्याची होडी झाली. आजी म्हणायची, "भिंतीकडे टक लावून बसू नकोस गं, ताप डोक्यात जाईल." पुढे कॉलेजात कळलं की लिओनार्दो दा विंचीनं हेच लिहून ठेवलंय: डागाळलेल्या भिंतीकडे बघा, डोंगर, नद्या, लढाया, चेहरे, सगळं सापडेल. आजीला सांगायला हवं होतं, पण तोवर आजी नव्हती आणि वाडाही नव्हता. आता तिथे सहा मजली इमारत आहे, वॉटरप्रूफिंग केलेली.

तर आता मी काय करते? ती ओलीची भिंत पुन्हा तयार करते. पहिला टप्पा एवढाच, आणि त्यात कल्पनाशक्तीचा काही संबंध नाही, हमाली आहे.

चार बाय तीन फुटांचा कॅनव्हास. त्यावर जेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात, प्रत्येक हात वाळला की पॉलिश पेपरनं घासायचं. (पेपर आणि मोठे ब्रश मी बोहरी आळीतून आणते. भिंत रंगवायचे ब्रश पार्श्वभूमीला उत्तम चालतात आणि कलासाहित्याच्या दुकानापेक्षा बरेच स्वस्त पडतात.) मग कॅनव्हास फरशीवर आडवा. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा), दोन्ही अक्रिलिक, म्हणजे पाण्यात पातळ होणारे रंग, ताकाइतके पातळ करून ओतायचे. पातळ करायला नुसतं पाणी घालू नका. बाइंडर, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारा चिकट भाग, पातळ होतो आणि वाळल्यावर रंग हाताला लागू शकतो. थोडं मीडियम, म्हणजे तोच चिकट भाग रंगाशिवाय, हवंच. हे दोन रंग एकमेकांत मिसळले की काळपट राखाडी होते, पण जिथे सुटे राहतात तिथे एक गंजासारखा दिसतो आणि दुसरा सावलीसारखा. ट्यूबमधला काळा मी जवळजवळ वापरतच नाही.

रंग ओला असतानाच जाड प्लॅस्टिकची पिशवी फाडून त्यावर पसरते, तळहातानं दाबते आणि थोड्या वेळानं एका कोपऱ्यापासून हळूहळू ओढते. ओढताना मधे हवा शिरते, रंग कॅनव्हास आणि प्लॅस्टिक दोन्हींना चिकटून ताणला जातो आणि त्याला फांद्या फुटतात. पानाच्या शिरा म्हणा, नदीचं खोरं म्हणा, पोवळं म्हणा. या प्रकाराला डेकॅल्कोमेनिया म्हणतात. माक्स अर्न्स्ट या जर्मन चित्रकारानं १९३० च्या दशकाच्या शेवटी याच पद्धतीनं दगड झालेली अरण्यं आणि त्यात दबा धरून बसलेले प्राणी काढले. त्याआधी १९२५ मध्ये त्यानं जुन्या लाकडी फरशीवर कागद ठेवून वर पेन्सिल घासली होती आणि उमटलेल्या रेषांत जंगलं शोधली होती. आपण शाळेत नाण्यावर कागद ठेवून घासायचो, अगदी तेच. फरक एवढाच की आपण नाणं दिसलं की खूश होऊन थांबायचो.

एप्रिलमध्ये पुण्यात हे करायचं तर पंखा बंद आणि हातात पाण्याची स्प्रे बाटली, नाहीतर पिशवी ठेवेपर्यंत रंग वाळून खडंग. जुलैत याच्या उलट.

दुसरा टप्पा कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात महत्त्वाचा. कॅनव्हास मी स्वयंपाकघरातून दिसेल अशा भिंतीला टांगते आणि दर दोन दिवसांनी फिरवते. चारही बाजू एकेकदा वर येतात. काढायचं काही नाही, कणीक मळताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना नुसतं बघायचं. सरळ रोखून बघितलं की काही सापडत नाही, येता-जाता डोळ्याच्या कडेनं सापडतं. कधी मोबाइलवर फोटो काढून कृष्णधवल करते. रंगाची भुरळ जाते आणि काळोख कुठे साठलाय ते कळतं. एखादी गोष्ट तीन-चार दिवस त्याच जागी दिसत राहिली, तर खडूनं तिची कड आखते. खडूच घ्यायचा, कारण ओल्या फडक्यानं जातो. पहिल्या दहातल्या आठ आखण्या मी पुसतेच.

आता एक चित्र जवळून सांगते, नाहीतर हे सगळं पाककृतीसारखं होईल.

दोन वर्षांपूर्वीचं आहे. क्लासच्या मुलांना घेऊन मी सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीला गेले होते. पाहिलं नसेल तर जरूर पाहा. १७५४ मध्ये बांधायला घेतलेलं दगडी देऊळ, आत तीन सोंडांचा गणपती मोरावर बसलेला. दर्शनी भिंतीवर तर काय नाही! हत्ती आहेत, द्वारपाल आहेत आणि साखळदंडानं बांधलेला एक गेंडा आहे. पुण्यात गेंडा! कोरणाऱ्यानं जिवंत गेंडा कधी पाहिला होता का कोण जाणे, पण दगडात त्याचं वजन बरोबर उतरलंय. आपल्याकडे अद्भुताला तोटा नाही. किल्ल्यांच्या दरवाजांवर पंजात हत्ती धरलेले शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, बघा, देवळाच्या उंबऱ्यावरची कीर्तिमुखं, ती वटारल्या डोळ्यांची राक्षसी तोंडं, बघा. माझ्या चित्रांना 'फँटसी' म्हणतात तेव्हा लोकांना ड्रॅगन अपेक्षित असतो. मला शरभ पुरतो.

घरी आले तर टांगलेल्या कॅनव्हासच्या डाव्या तळाशी गंजाच्या रंगाचा जो ढिगारा होता, तो गेंड्याची पाठ झालेला. आधी नव्हता. म्हणजे डाग तोच होता, मी देवळात जाऊन आले होते. पाठीवर प्लॅस्टिकच्या फांद्या उमटल्या होत्या, त्या कमानींसारख्या दिसत होत्या. गेंड्याच्या पाठीवर शहर. आखलं.

इथून पुढे लोकांना वाटतं की चित्रकार आता गेंडा रंगवणार. मी गेंड्याला हात लावला नाही. टिटॅनियम व्हाइट (पांढरा), रॉ अंबर (मातकट तपकिरी) आणि चिमूटभर अल्ट्रामरीन मिसळून एक अपारदर्शक धुरकट रंग केला आणि गेंडा सोडून बाकीचं झाकत सुटले. जे झाकलं नाही ते आपोआप पुढे आलं. कमानींच्या मधलं आकाश एक नंबरच्या ब्रशनं, एकेक फट करत. अकरा संध्याकाळी गेल्या त्यात. या कामात सगळा जीव झाकण्यात असतो. पहिल्या दिवशी पडलेले किती सुंदर अपघात आपल्याच हातानं पुसावे लागतात! ते पुसवत नाहीत म्हणूनच अनेकांची अमूर्त चित्रं मला नुसती नक्षीदार वाटतात. काहीच गाळलेलं नसतं.

मग मी घाण केली. वरून तैलरंगाचे पातळ हात देत होते, सगळं छान चाललं होतं आणि मोहात पडून गेंड्याला डोळा काढला. एवढासा, मोहरीएवढा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, गेंडा का? छान आलाय हो." संपलं. त्या ठिपक्यानं कमानी, शहर, धुकं सगळं गिळलं, राहिला फक्त गेंडा. माणसाचा मेंदूच असा आहे, डोळ्यासारखा ठिपका दिसला की चेहरा जुळवतो आणि मग दुसरं काही बघत नाही. पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी शेवटी आणि सगळ्यात तरबेज माणसाकडून करून घेतात, ते उगाच नाही. डोळे उघडले की शाडूचा देव होतो. मला देव नको होता, गेंडाही पुरता नको होता.

रंग ओला होता म्हणून वाचले. टर्पेंटाइन लावलेल्या फडक्यानं डोळा पुसला, त्यासोबत अर्धं तोंडही फराटा होऊन गेलं. फडकं खाली ठेवलं तर त्या फराट्याची तटबंदीची उतरण झालेली. तेच ठेवलं. आता त्या चित्रात काकूंना गेंडा दिसतो, माझ्या भावाला राजगडाची माची दिसते आणि मला आमच्या मागच्या खोलीतली भिंत.

अक्रिलिकवर तैलरंग चालतो, वाळलेल्या तैलरंगावर अक्रिलिक चालत नाही, हे कुठल्याही विद्यार्थ्याला माहीत असतं. मलाही होतं. तरी एकदा घाईत केलं आणि वर्षभरानं चित्र घेणाऱ्या बाईंचा फोन आला, "ताई, तुमच्या चित्राचे पोपडे निघतायत." पैसे परत दिले, चित्र घरी आणलं. पोपडे मात्र सुंदर निघाले होते.

वेळ म्हणाल तर दोन ते चार महिने. जवसाच्या तेलातला रंग पाणी उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, त्यामुळे एकेका पातळ हाताला दिवस जातात आणि पावसाळ्यात तर विचारू नका. गुंडाळून प्लॅस्टिकमध्ये ठेवलेल्या कॅनव्हासला आतून बुरशी धरते. मी जुलै-ऑगस्टमध्ये फक्त कागदावर काम करते.

आता तुमचं शेवटचं वाक्य, 'हे तर माझा मुलगाही काढेल.' पहिला टप्पा काढेल की! माझ्यापेक्षा चांगला काढेल. मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शाळकरी मुलांच्या सरकारी चित्रकला परीक्षांचे क्लास घेते, पोरं रंग ओततात तेव्हा मला हेवा वाटतो. पण दहा मिनिटांत ती त्यावर सूर्य काढतात आणि सूर्याला डोळे काढतात. शिवाय आम्ही शिक्षकच त्यांना बिघडवतो. परीक्षेत 'स्मरणचित्र' नावाचा विषय आहे. भाजी मंडई, बसथांबा, पाच माणसं पाठ करायची आणि कुठल्याही विषयाला चिकटवायची. स्मरणातलं चित्र नव्हे, पाठ केलेलं चित्र. मी पोटासाठी तेच शिकवते, त्यामुळे फार बोलत नाही.

आणखी एक, 'अमूर्त' या शब्दावरून माझ्याशी भांडू नका. चित्रकार वासुदेव गायतोंडे, ज्यांचं मोठं प्रदर्शन २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात भरलं, ते स्वतःच्या कामाला अमूर्तही म्हणवून घेत नसत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कुठल्याच वस्तूवरून न आलेलं, म्हणत. रोलर आणि नाइफनं थर चढवायचे, खरवडायचे. त्यांच्या चित्रात गेंडा शोधणं म्हणजे तळ्याच्या पाण्यावर कुणाचं नाव लिहिलंय का ते शोधण्यासारखं. माझ्या चित्रांत वस्तूंची आठवण असते, म्हणून कडक अमूर्तवाल्यांना मी बाटलेली वाटते आणि चित्रात गोष्ट हवी असणाऱ्यांना अपुरी. धड ना इकडे ना तिकडे. शीर्षक मी याच कारणानं देत नाही. नाव म्हणजेही डोळाच.

पुढच्या वेळी कलादालनात गेलात की विचारा. टेबलामागचा माणूस सकाळपासून अभिप्रायाची वही सरळ करत बसलेला असतो, त्याला कुणी काही विचारत नाही. फक्त 'याचा अर्थ काय' असं नको. 'सुरुवातीला यातली कुठली बाजू वर होती?' असं विचारा. खुर्ची ओढून देईल आणि कलादालन बंद व्हायची वेळ होईपर्यंत तुम्हाला सोडणार नाही.