जीवाश्मांची नोंद संगणकावर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कच्छचे अमोनाइट (गुंडाळीदार शंखाचे नामशेष सागरी जीव), तमिळनाडूतल्या अरियालूरचे शिंपले असे दोनएकशे नमुने आहेत. नोंदी वहीत आहेत. कोणते सॉफ्टवेअर विकत घ्यावे? (कॉलेज रोड)

उत्तर : विकत काहीच घेऊ नका. लिब्रेऑफिस कॅल्क हा एक्सेलसारखा तक्त्यांचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, घरात एक्सेल असेल तर तेही चालेल. रकाने मात्र विचार करून पाडा : क्रमांक, नाव, कोणी व कधी ओळखले, थर, काळ, ठिकाण, कोणाकडून आला. ओळख बदलली तरी जुने नाव पुसू नका. एकेका नमुन्याच्या तीन-चार ओळखी साठू लागल्या की लिब्रेऑफिस बेस या डेटाबेस प्रोग्रॅमकडे वळा. तिथे नमुने एका तक्त्यात, ओळखी दुसऱ्यात आणि दोन्ही क्रमांकाने जोडलेले. पुढे एखादे ॲप आवडलेच तर आधी एवढे तपासा, की सगळ्या नोंदी सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) बाहेर काढता येतात का. येत नसतील तर ते कितीही देखणे असो, नको. ॲप बंद पडले की तुमची वर्षांची मेहनत आतच अडकते.

प्रश्न : ३-१२ असा क्रमांक टाकला की एक्सेल त्याची तारीख करते. सीएसव्हीतला मराठी मजकूरही अगम्य दिसतो. (सिडको)

उत्तर : टाइप करण्याआधीच तो कॉलम 'टेक्स्ट' करा, नंतर करून गेलेला क्रमांक परत येत नाही. फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून सेव्ह करा; यूटीएफ-८ ही मराठीसह सगळ्या लिप्यांची अक्षरे साठवण्याची पद्धत. जुनी फाइल डबल-क्लिक न करता 'डेटा' मेनूतून आणा आणि यूटीएफ-८ निवडा.

प्रश्न : गोदाकाठी शेताजवळ दगड झालेले हाड सापडले. ॲपमध्ये ठिकाण 'निफाड' लिहिले. पुरेसे आहे ना? (निफाड)

उत्तर : नाही, आणि तुमच्या भागात तर मुळीच नाही. पिलग्रिम या भूवैज्ञानिकाने १९०५ साली तुमच्याच तालुक्यातल्या नांदूरमधमेश्वरजवळच्या गाळातून हत्तीच्या जीवाश्माची नोंद केली होती. तुमचा तुकडा काठाच्या थरात रुतलेला होता की पात्रात सुटा पडलेला, हे सर्वांत आधी लिहा. रुतलेला असेल तर तो थर गोट्यांचा, वाळूचा की मातीचा, काठाच्या माथ्यापासून किती खाली, आणि शेजारी मोजपट्टी धरून काढलेला फोटो. सुटा असेल तर 'सुटा' लिहा. नदीने तो कुठून आणला याचा अंदाज ठिकाणाच्या रकान्यात घालू नका. अक्षांश-रेखांश दशांशात, चार स्थळांपर्यंत द्या. जागा साधारण ११ मीटरपर्यंत नेमकी कळते. अक्षांश आधी. अदलाबदल झाली तर निफाडचे हाड नकाशावर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात दिसेल! आणि नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्याच्या हद्दीतले काहीही उचलू नका.

प्रश्न : 'स्पेसिफाय' हे संग्रहनोंदीचे सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणतात. घ्यावे का? (सिन्नर)

उत्तर : चांगले आहे, पण संस्थांच्या मोठ्या संग्रहांसाठी घडवलेले. घरी त्याची देखभालच जड जाईल. त्यापेक्षा रकान्यांची नावे डार्विन कोअर या जीवनमुन्यांच्या नोंदींसाठीच्या मानकाप्रमाणे ठेवा. उद्या संग्रह एखाद्या संस्थेला द्यायचा झाला तर नोंदी सहज मिसळतील.

प्रश्न : नमुन्यावर क्रमांक कसा घालावा? (पंचवटी)

उत्तर : न दिसणाऱ्या बाजूला पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक रेझिनचा पातळ थर, वाळल्यावर काळ्या इंडियन इंकने क्रमांक, वर पुन्हा एक थर. गरज पडल्यास ॲसिटोनने निघतो. फेव्हिक्विक नको. फोटोच्या फाइललाही हाच क्रमांक द्या.